बांधाला हात लावायचा नाही

अमावास्येच्या दुपारी अजूनही माझ्या घशाखाली घास उतरत नाही. भरतीची वेळ झाली की कान आपोआप खाडीकडे जातात. घरचे हसतात. हसू देत मेले!

आमचं गाव खाडीकाठचं. भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खोल, मध्ये नुसता मातीचा बांध. त्याला खेकड्यांची बिळं पडली की घरटी एक माणूस चिखल घेऊन जायचा. याला जोळ म्हणत. बोलावणं लागत नसे. जो जाणार नाही, त्याच्या घरच्या लग्नाला कुणी फिरकत नसे.

स्वातंत्र्यानंतर पंचायत आली आणि माझे वडील सरपंच झाले. माणूस धुतल्या तांदळासारखा. त्यांनी गोड्या पाण्याची विहीर बांधून घेतली, शाळेवर कौलं चढवली. बायांची पाण्यासाठीची वणवण थांबली, हे मी कधी नाकारणार नाही. मग त्यांनी पक्क्या बांधाचं काम मंजूर करून आणलं. मंजुरी देणाऱ्या सरकारी साहेबांनी बजावलं, मोजणी होईपर्यंत बांधाला हात लावायचा नाही. वडिलांनी तेच गावाला सांगितलं. गावही खूश! आपलं सरकार आलंय, आता कशाला चिखलात मरायचं?

बांधाला लागूनच माझ्या विधवा आत्याचं शेत होतं. तिच्यापाशी तेवढंच. ती रोज येऊन सांगायची, "दादा, बिळं वाढलीत. चार माणसं दे."

"जरा कळ काढ गं. मोजणी बिघडली तर मंजुरी जाईल."

भाद्रपदातल्या अमावास्येला भर दुपारी बांध फुटला. आम्ही जेवत होतो. आवाज ऐकून वडील उष्ट्या हातानं धावले, मागून सगळं गाव. पण भगदाड एवढं रुंद झालं होतं की माणसांच्या हातात काही उरलं नव्हतं. पोटरीला आलेलं भात डोळ्यांदेखत बुडालं. आत्या उरलेल्या बांधावर बसली आणि एकेक बीळ चिखलानं बुजवू लागली. तिच्या त्या बिळं बुजवण्याची मला आजही भीती वाटते.

वर्षभर प्रत्येक भरती आत येत राहिली. खारावलेल्या जमिनीत काय पिकणार, कपाळ! आत्या उरणला मिठागरावर मजुरीला गेली.

शेवटी मोजणी झाली, बांधही झाला. नारळ फोडायला वडिलांनाच पुढे केलं. आत्या आली होती, पायांना मिठानं भेगा पडलेल्या. अगदी मायेनं म्हणाली, "बांध बरा झालाय, दादा. आता तो आत काय राखणार हाय?"

वडिलांनी नारळ माझ्या हातात दिला आणि ते घरी निघून गेले.