झिजलेल्या वॉशरचा स्टोव्ह

जयपूरला मालवीय नगरच्या घरात बाबांनी सूर्यचूल आणली आणि त्याच आठवड्यात झिजलेल्या वॉशरचा, कितीही पंप मारला तरी लवकर न पेटणारा आमचा रॉकेलचा स्टोव्ह शेजारच्या भाभींना देऊन टाकला. गॅसचा नंबर अजून लागायचा होता. "निदान पावसाळ्यापुरता तरी राहू द्या," आई म्हणाली. "स्टोव्ह घरात असला की तू उन्हावर भरवसा ठेवणार नाहीस," असं बाबांचं म्हणणं. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

श्रावणात ते बँकेतच कोसळले आणि गेले. आईने सकाळी गच्चीवर लावलेला वरणभात त्यांना स्मशानात नेलं तेव्हाही कच्चाच होता, कारण दिवसभर आभाळ होतं. तिने तो टाकून दिला, डबे घासून पालथे घातले. रडली नाही. मीही नाही.

स्मशानातून माणसं परतली तेव्हा चहापुरताही विस्तव घरात नव्हता. सुतकात आमच्याकडे शेजारून पिठलंभात येतो, पण हे जयपूरच्या भाभींना कुठून माहीत असणार? त्या सरळ स्टोव्हच घेऊन आल्या आणि आमच्या ओट्यावर ठेवून पंप मारू लागल्या. तो लगेच पेटला.

तेव्हा कुठे आईने तोंड उघडलं.

"वॉशर बदललेला दिसतोय," ती म्हणाली.