चंदेरी रंग दिलेला जोड

मे २०१५, दुसरा रविवार, सकाळी साडेआठ. हजर: मी, मस्कतमधल्या आमच्या छोट्या नमुना-वर्कशॉपच्या कामांची नोंद ठेवणारी. मशीनवरचे भाई, दापोलीकडचे, वडिलांची मासेमारीची बोट होती. आणि किनाऱ्यावरच्या सहम गावाहून आलेला एक मच्छीमार, पन्नाशीचा, हिंदी चांगली बोलणारा. अर्बाब, म्हणजे आमचे ओमानी मालक, गैरहजर, नेहमीप्रमाणे.

मच्छीमार आपला नमुना न्यायला आला होता. त्याच्या बोटीचं इंजिन जुनं. इंजिन ज्या दांड्याने वळतं त्या दांड्याचा पंज्याएवढा जोड तडकला होता आणि तसा जोड आता बाजारात मिळत नव्हता. त्याने तडकलेला तुकडा आमच्याकडे आणून दिला होता.

आमचं मशीन टेबलावर मावणारं, मोठ्या मायक्रोवेव्हएवढं. त्याला आधी सुई लावायची. ती वस्तूला टोचत टोचत, बिंदू बिंदू करत तिचा आकार मोजते. एवढ्याशा जोडाला तिने अख्खा दिवस घेतला. मग सुई काढून तिथे कटर बसवायचं आणि तोच आकार रेझिनच्या ठोकळ्यातून कोरून काढायचा. रेझिन म्हणजे साबणापेक्षा जरा कडक, इतकंच. असा नमुना फक्त मापासाठी असतो. बोट किनाऱ्यावर असताना बसवून बघायचा, कुठे घासतो तिथे खूण करायची, परत आणायचा. मग शहरातल्याच वादी कबीर भागातल्या वर्कशॉपमधून खरा जोड धातूत करून घ्यायचा.

आमच्याकडे पद्धत अशी की नमुना देण्याआधी त्यावर चंदेरी रंग मारायचा. मातकट रेझिन ग्राहकांना आवडत नसे. ती पद्धत मीच पाडली होती आणि तपासणीच्या यादीत घातली होती.

"ह्याला रंग नको, मॅडम," भाई आदल्या गुरुवारी म्हणाले होते. "हे समुद्राचं काम हाय."

"यादीत आहे, भाई."

"यादी बुडत नाय. माणूस बुडतो."

मी हसले आणि रंग मारायला लावला. रविवारी मी तो जोड खोक्यात घालून, वर आमचं छापील लेबल चिकटवून त्या माणसाच्या हातात दिला. वापरायचा नाही, बुधवारी परत आणायचा, हे दोनदा सांगितलं. त्याने जोड उलटसुलट करून बघितला, बोटाने वाजवला. "मशीन का काम है," तो समाधानाने म्हणाला. माझं बोलणं त्याच्या कानांपर्यंत पोचलं. पण डोळ्यांना दिसत होती ती फॅक्टरीतून आलेली वस्तू.

बुधवारी तो आला नाही. गुरुवारी फोन बंद. पुढच्या रविवारीही बंद.

"तो लावून फिरतोय," भाई म्हणाले.

"असं कोण करेल?"

भाईंनी त्याच ठोकळ्याचा उरलेला, तेवढ्याच जाडीचा तुकडा कचऱ्यातून काढला आणि माझ्यासमोर दोन्ही हातांनी वाकवला. तो मोडला. आवाजही फारसा झाला नाही. "उघड्या पाण्यात हे झालं तर बोट वळत नाय. लाट आडवी घेते," ते म्हणाले आणि दोन्ही तुकडे माझ्या वहीवर ठेवले. माझ्याकडे न बघता मशीन पुसू लागले.

मंगळवारी आम्ही दोघं गाडीने सहमला गेलो. पाणी, नट खोलायचे पाने, त्याचा पत्ता, दोराचं एक भेंडोळं, सगळं मी लिहून घेतलं होतं. दोर कशासाठी, ते भाईंनी विचारलं नाही. रस्ताभर उजवीकडे मधूनमधून समुद्र दिसत होता, आणि त्यावर पांढरे फेसाचे ठिपके. वारा सकाळपासून सुटला होता.

किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, तो पहाटेच्या नमाजाआधी गेला. बाकीच्या बोटी दहाच्या सुमारास परतल्या. अकरा वाजले. भाई वाळूत उभे होते, बसायला तयार नव्हते.

"बाय, घड्याळ बघू नको सारखी," ते म्हणाले. मॅडमची मी बाय झाले होते. त्याने मला जास्तच भीती वाटली.

साडेबाराला बोट आली. हळू, एका बाजूला झुकत, पण आली. तो उतरला आणि आम्हाला बघून हात हलवला. "बहुत अच्छा चल रहा है, मॅडम. हल्का है."

भाई गुडघाभर पाण्यात शिरले आणि वाकून बघितलं. मग मला बोलावलं. चंदेरी रंगातून एक मातकट रेघ गेली होती, केसाएवढी, जवळजवळ आरपार. भाईंनी पाना लावला. जोड सुटताना त्यांच्या हातातच दुभंगला.

मच्छीमाराने ते दोन तुकडे हातात घेतले. आतलं मातकट रेझिन त्याने नखाने खरवडलं. ते भुग्यासारखं निघालं.

"तुम्ही पागल आहात काय?" भाई त्याच्यावर ओरडले, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. त्याला कळलं. तो ओरडला नाही. खाली बसला आणि म्हणाला, "मेरे दोस्त ने भी बनवाया."

त्याच्या मित्राने आमचा जोड बघून जवळच्या सोहार शहरातल्या कुठल्याशा दुकानातून हलक्या प्लास्टिकचा तसाच एक करून घेतला होता. वर चंदेरी रंगही मारून घेतला होता. मग गेल्याच आठवड्यात इंजिनासकट बोट विकली. कुणाला? मित्राला फोन लावला. खसबकडचा, पार उत्तर टोकाच्या बंदरावरचा माणूस होता, रोखीने घेऊन गेला, नाव विचारलं नाही. बोट कशी? पांढरी. किनाऱ्यावर नजर जाईल तिथवर पांढऱ्याच बोटी होत्या.

त्या आठवड्यात धातूचा जोड तयार होऊन सहमला पोचला. चंदेरी रंग मी यादीतून काढला. मस्कतमधल्याच हमरिया भागातल्या एका दुकानातून जोडाच्या फोटोसह अरबी सूचना छापून घेतल्या: हा तुकडा बोटीवर असेल तर समुद्रात जाऊ नका. सहमला भाईंनी स्वतः लावल्या, सोहारला एका ट्रकवाल्याने. मित्राने खसबकडच्या ओळखीच्यांचे दोन नंबर दिले. एक चुकीचा होता, एक कुणी उचलला नाही.

खसबला जाणारा कुणी मिळाला नाही. तिथल्या किनाऱ्यावर ती सूचना लावायची राहिली आहे.