अहो आणि हे

बायकोच्या जुन्या, बटणांच्या फोनवर मी माझ्या नंबराला कोकिळेची रिंगटोन लावून दिली. पण मी फोन केला की तो आपला ट्रिंग ट्रिंगच वाजायचा. आवाज वाढवला, फोन बंद करून चालू केला, तरी कोकिळा गप्पच. मग दिसलं, माझा एकच नंबर दोन नावांनी सेव्ह केलाय: 'अहो' आणि 'हे'. फोन बिचारा गोंधळणारच.

"अगं, दोन-दोन कशाला?"

"तुम्हाला हाक मारायची तर 'अहो'. तुमच्याबद्दल कुणाला सांगायचं तर 'हे'."

आता एक नाव डिलीट करायला हवं. कोणतं करू? अंगठा बटणावर ठेवून बसलोय. 'अहो' मीच, रोज त्या हाकेला ओ देतो. 'हे' मात्र बहुतेक माझ्या माघारीच असतात. त्यांची-माझी कधी गाठच पडली नाही.