विचारण्याआधीच

अख्ख्या मावळात प्रश्नाच्या आधी उत्तर देणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या आईचा चुलतभाऊ. मळवलीला मुंबईकरांचा एक बंगला हे मामा वीस वर्षं सांभाळत होते. सकाळी झाडांना पाणी घालता घालता ते मोठ्यानं म्हणायचे, "न्हाई, संपली, काल आली असतीस तर दिली असती," आणि दोन मिनिटांनी शेजारच्या फार्महाउसवरची मावशी साखरेसाठी वाटी घेऊन फाटकात उभी. स्टेशनवर उभे असले की "धा मिनटं लेट हाय" असं हवेला सांगायचे. मागून धापा टाकत आलेला माणूस विचारायला तोंड उघडायचा आणि तसंच मिटायचा. कामशेतच्या तांदूळवाल्यानं तर एकदा हात जोडले होते, "मामा, मला निदान 'काय देऊ' एवढं तरी म्हणू द्या." मामीची तक्रार वेगळीच. "ह्यांच्याशी भांडायची पण सोय न्हाई. मी बोलायच्या आत 'चुकलं माझं' म्हणून मोकळे. मग मी काय भिताडाशी बोलू?"

आम्ही तळेगावला हे सगळं हसण्यावारी न्यायचो. पण बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला जागा मिळाली आणि बीबीएलाही, तेव्हा मला हसू येईना. बाबा कारखान्यात मशीनवर काम करायचे आणि मी मेकॅनिकल घ्यावं अशी त्यांची इच्छा होती. "विकायला शिकायला कॉलेज कशाला लागतं?" असं ते एकदाच म्हणाले आणि जेवणावरून उठले. मला धंद्याची गोडी होती, बाबांचा चेहराही बघवत नव्हता. जागा पक्की करायला एकच दिवस उरला, तेव्हा आईनं मला मामांकडे पाठवलं.

दुपारचे बारा वाजले होते, तरी धुक्यामुळे फाटकातून बंगला दिसत नव्हता. मामा चहाचे दोन कप घेऊन उभे होते. मी येणार हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

"मला ठावं न्हाई," ते म्हणाले.

"अहो मामा, सगळ्यांचं येतं, माझंच कसं येत नाही?"

"तुजी दोन उत्तरं येत्यात पोरी, एकदमच. येकात येक मिसळत्यात. नीट ऐकूच येईना."

मग ते रोजच्यासारखे बंगल्याच्या खिडक्या उघडायला निघाले आणि मी मागोमाग. मालक चार वर्षांत फिरकले नव्हते. सोफ्यांवर, पलंगांवर पांढऱ्या चादरी होत्या. प्रत्येक दाराशी मामा थांबायचे आणि आत बघून काहीतरी बोलायचे. "व्हय, लावलंय." "न्हाई, अजून आले न्हाईत." वरच्या कोपऱ्यातल्या खोलीशी आवाज खाली आणून म्हणाले, "न्हाई. भाची हाय माजी. तिला काय इचारू नका."

मी दारातच थांबले. "कोणाशी बोलताय?"

"कुणाशी न्हाई गं. उत्तरं येत्यात, देऊन टाकतो. हितं इचारणारं मातुर कदी आलं न्हाई." ते हसले. मीही हसले.

त्याच खोलीच्या खिडकीशी मी उभी होते. बाहेर धुक्यात काही दिसत नव्हतं. आणि माझ्याच तोंडून, स्पष्ट, मोठ्यानं शब्द आले, "बाबा, मी बीबीएच करते." मी ते म्हणायचं ठरवलं नव्हतं. मामांचा खिडकीवरचा हात तसाच थांबला. मग माझा फोन वाजला.

"ठरलं का गं काही?" बाबा होते.

उत्तर तर मी देऊन चुकले होते. तेच पुन्हा सांगायला फार जड गेलं. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. त्यातूनच बाबा म्हणाले, "बरं. कर पक्की."

मामा पांढरेफटक पडले होते. "तुलाबी आलं व्हय? चल, खाली चल. हितं थांबू नगंस." त्यांनी माझा हात घट्ट धरून मला जिन्यावरून उतरवलं आणि पुन्हा कधी वर जाऊ दिलं नाही. मलाही पुन्हा तसं कधी झालं नाही.

मी बीबीए केलं, तळेगावातच एका कंपनीत खरेदी विभागात लागले. बाबांनी इंजिनिअरिंगचं नाव परत काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी मालकांनी बंगला विकला, नव्या मालकानं तो पाडला, आणि त्या दिवसापासून मामांना उत्तरं यायची थांबली. आता ते कामशेतला लेकीकडे असतात, चारचौघांसारखे आधी ऐकतात आणि मग बोलतात. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा ऐकतात.

गेल्या रविवारी मी गेले होते. त्यांनी मला विचारलं, "पोरी, इंजनेर झाले असते तर बरं झालं असतं, आसं वाटत न्हाई ना कदी?"

"नाही हो मामा," मी म्हटलं. पण ते म्हणायला मला जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काय म्हणेन, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.