चहाआधीचे झुमके

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू एका व्यापाऱ्यासाठी खोट्या दागिन्यांचे नमुने करतात. नवा झुमका झाला की तो चिमट्यानं खिडकीच्या ग्रिलला टांगतात आणि पोळ्या लाटायला लागतात. तो पाठवायचा की मोडायचा, ह्याचा निकाल दुसऱ्या दिवशी, चहाआधी. "चहा पोटात गेला ना, की सगळंच छान वाटायला लागतं," असं त्यांचं म्हणणं.

परवा सकाळी मी विरजण मागायला गेले. ग्रिलवर मोरपिशी मण्यांचा झुमका डुलत होता. मी म्हटलं, "काकू, हाच द्या पाठवून!"

त्यांनी पक्कड घेतली आणि त्याचे मणी सोडवायला लागल्या.

"अहो, काय करताय?"

"मलाही बघताक्षणी आवडला, तिथंच शंका आली. एवढी पटकन ओळख पटते म्हणजे कुठंतरी पाहिलेला असणार. आत्ता आठवलं, नणंदेच्या कानात होता."

शेजारी तांब्याच्या तारेचा एक वेडावाकडा झुमका लटकत होता.

"आणि हा?"

"ह्याचं काही कळतच नाहीये गं. चार दिवस झाले."

विरजण घेऊन निघताना मी वळून पाहिलं. काकू त्या वेड्यावाकड्याकडेच बघत उभ्या होत्या. ओट्यावर गाळून ठेवलेल्या चहावर साय धरली होती.