देवघरात बूट

आमच्या गल्लीत चपला शिवणारे मामा माणसाच्या पायाकडे बघूनच बोलतात. "पावणं, डावी टाच झिजलीया की."

पेपरातल्या चित्रकथेतला गुप्तहेर त्यांचा फार लाडका. तो उंबऱ्याबाहेरच्या चपलांवरून चोर ओळखायचा आणि स्वतःच्याही काढूनच घरात शिरायचा. परवा त्याच्यावरचा सिनेमा लागला, म्हणून मीच मामांना घेऊन गेलो. बसताच त्यांनी पायताण काढून खुर्चीखाली नीट ठेवलं.

पडद्यावरचा गुप्तहेर मात्र बुटासकट थेट देवघरात गेला आणि मोबाईलवर चोर शोधायला लागला. या सिनेमावाल्यांनी ती चित्रकथा एकदा उघडून तरी बघितली होती का?

मामांनी पायताण चढवलं. लोक हसत होते, त्यांच्यासमोर उभे राहून, पडद्याकडे बोट करून ते म्हणाले, "ह्यो आपला न्हाय. चोर ह्योच हाय."