एकसष्ट दिवसांचा आमदार

व्हर्लिन कोस्टर भर सभागृहात खदाखदा हसला म्हणून त्याला आमदारकीवरून हाकललं, असं आमच्या गावात अजून सांगतात. साफ खोटं. हसला तो खरा, पण हाकललं कुणी नाही. त्याची मुदतच एकसष्ट दिवसांची होती.

आमचे जुने आमदार फेब्रुवारीत वारले. अधिवेशन चालू होतं, उरलेले दिवस रेटायला माणूस हवा होता, आणि असा माणूस आमच्याकडे निवडणूक न घेता पक्षच नेमतो. चर्चच्या तळघरात पक्षाची दहा माणसं जमली आणि ज्याने त्याने गाई विण्याचं कारण पुढे केलं. व्हर्लिन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो, त्याच्याकडे गाय नाही. झाला आमदार. आता आम्हाला ओळख देशील ना, असं मी त्याला कुंपणावरून विचारूनही घेतलं.

त्याला काम एकच करायचं होतं. त्याची बायको लोरेटा आठवड्यातून तीनदा गावच्या दवाखान्यात डायलिसिसला जायची आणि तो विभाग जूनमध्ये बंद होणार होता. पुढचा दवाखाना नव्वद मैलांवर. लहान दवाखान्यांना मदत द्या, एवढंच मागणारं दोन पानी विधेयक त्याने मांडलं.

राजधानीत एक जुनी चाल आहे. नव्या आमदाराच्या पहिल्या विधेयकावर सगळे त्याची फिरकी घेतात. आधी विरोधाचं लाल बटण दाबायचं, तो घामाघूम झाला की मत बदलून होकाराचं हिरवं. घाबरू नकोस, असं शेजारच्या बाकावरच्याने व्हर्लिनला बजावून ठेवलं होतं.

मागून कुणीतरी विचारलं, "व्हर्लिन, डायलिसिसबरोबर केकही मिळणार का?"

"लोरेटाने केला तर मिळेल."

सभागृह हसलं, तोही हसला. बोलायला पाच मिनिटं होती. थट्टाच तर चाललीय, म्हणून ती पाच मिनिटं सोडून तो खाली बसला. लोरेटा आजारी आहे, हे सांगायचंच राहिलं. मतांचा फलक लाल झाला. व्हर्लिन हसत हिरव्याची वाट बघत राहिला. अध्यक्षांनी मतदान बंद केलं आणि पुढचं विधेयक पुकारलं.

विभाग जूनमध्ये बंद झाला. आता आठवड्यातून तीनदा दोघं उजाडायच्या आत निघतात आणि दिवेलागणीला परततात, लोरेटा मागच्या सीटवर आडवी. शाळेने बसगाड्यांना दुसरा माणूस ठेवला. आता पुरे, मला नाही जायचं, असं ती दोनदा म्हणालीय. तो ऐकू न आल्यासारखं करतो.

परवा तो गाडीची काच पुसत होता. माझी जीभ कुठली गप्प बसायला? म्हटलं, पुढच्या निवडणुकीला उभा राहा, माझं मत तुलाच.

मान वर न करता तो म्हणाला, "मत राहू दे. बुधवारी तू ने तिला."